अनवाणी पायांचा रोग

रोग राव-रंक जाणत नाहीं, असें आपण सहज बोलून जातों. आमच्या मतें हें वचन अर्धेंच खरें आहे. बुरशीला भेद कळत नसेल. परंतु ज्या पायांत जोडा नाहीं, त्याच पायांत शिरण्यास तिला वाट मोकळी सांपडते.

‘मायसेटोमा’ अथवा ‘मदुरा पाय’ या व्याधीचेंच उदाहरण घ्या. मातींतील बुरशी किंवा जंतु कांट्याबरोबर पायांत शिरतात. प्रथम न दुखणारी गांठ येते. पुढें सूज वाढते, छिद्रें पडून त्यांतून पू व बारीक कण वाहूं लागतात, आणि शेवटीं रोग हाडास पोंचतो. शेतकरी, मजूर, गुराखी हेच याचे भक्ष्य, आणि तेही बहुधा ऐन कमावत्या वयांत.

हा रोग नवा नाहीं. डॉ. गिल यांनीं मदुरा येथें १८४२ सालीं त्याचें वर्णन केलें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीं त्याचें मूळ बुरशींत दाखवून १८७४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादींत त्यास स्थान मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें! श्रीमंतांच्या पायांस हा रोग होता, तर जग इतका काळ स्वस्थ बसलें असतें काय?

ग्रामस्थांच्या अज्ञानास दोष देणें सोपें आहे. परंतु गांठ दुखत नाहीं तोंवर मजुरी बुडवून तालुक्यास जाणें हातावर पोट असणाऱ्यास कसें परवडावें? शिवाय मूळ बुरशी कीं जंतु, हें पारखल्यावांचून योग्य औषध देतां येत नाहीं; ती सोय खेड्यांत क्वचितच असते. बुरशी असल्यास औषध महिनोन् महिने घ्यावें लागतें. खर्च झेपत नाहीं, औषध मध्येंच सुटतें, आणि कित्येकांना पाय गमवावा लागतो.

म्हणून ‘जोडे घाला’ एवढा उपदेश पुरेसा नाहीं. परीक्षेची सोय जिल्ह्याच्या रुग्णालयांत व औषध विनामूल्य मिळालें पाहिजे. सुटींत गांवीं जाणाऱ्या विद्यार्थिबंधुभगिनींनींही एक काम अवश्य करावें : कोणाच्या पायावर जुनी, न दुखणारी गांठ दिसली, तर त्यास स्वतः सोबत करून डॉक्टरांकडे न्यावें. गांठ लहान आहे तोंवर पाय वांचविणें पुष्कळ सोपें असतें. आणि ज्याचा पाय वांचला, त्याचें घर वांचलें.