जुफैरहून : हाडांचा कारखानदार आणि जंगल



ह्या वेळी एका स्वित्झर्लंडच्या माणसाबद्दल लिहिते. नाव हान्सयोर्ग वीस. मुलांनो, हसू नका, आडनावच तसं आहे! आणि गंमत म्हणजे ह्या 'वीस' साहेबांचा आवडता आकडा आहे तीस. तो का, ते पुढे सांगते.

वीस ह्यांचा जन्म १९३५ साली बर्नला झाला. शिक्षण इंजिनियरचं. पुढे त्यांनी अमेरिकेत सिंथेस कंपनी वाढवली. मोडलेलं हाड जोडायच्या पट्ट्या आणि स्क्रू हा त्यांचा माल. मी थिएटरात नर्स होते तेव्हा असल्या पट्ट्यांचे ट्रे पुष्कळ लावले. एक-एक स्क्रू मोजून द्यायचा, मोजून परत ठेवायचा. २०१२ साली ही कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे २० अब्ज डॉलरला घेतली.

वीस १९५८ साली विद्यार्थी असताना कोलोरॅडोत रस्ते खात्याकडे जमीन मोजायच्या कामाला गेले होते. तिथले डोंगर बघून त्यांना वेडच लागलं. पैसा आल्यावर १९९८ साली त्यांनी आपली संस्था काढली. मोंटाना राज्यात लाकूड कंपनीची सुमारे ३ लाख १० हजार एकर जंगलजमीन विकत घेऊन राखली गेली, त्याला त्यांनी ३ कोटी ५० लाख डॉलर दिले. वाइल्डरनेस सोसायटी ह्या संस्थेच्या कारभारी मंडळातही ते बसले. आणि २०१८ साली जाहीर केलं, की २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखावा म्हणून दहा वर्षांत १ अब्ज डॉलर देईन. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत जगातल्या देशांनी हाच तीस टक्क्यांचा आकडा मान्य केला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सिंथेसच्या नोरियन कंपनीचं हाडात भरायचं सिमेंट होतं. मणक्यासाठी ते वापरायला परवानगी नव्हती, तरी वापरून पाहिलं गेलं. टेबलावर तीन पेशंट दगावले. चार अधिकाऱ्यांना कैद झाली. वीस ह्यांच्यावर स्वतःवर आरोप झाला नाही, पण तेव्हा कंपनीचे प्रमुख तेच होते. जंगलं राखली म्हणून ते तीन जीव परत येत नाहीत. आणि ते जीव गेले म्हणून राखलेलं जंगल खोटं ठरत नाही. दोन्ही हिशेब आपापल्या वहीत राहू द्यावेत, असं माझं मत.

हे सगळं जुफैरला बसून का लिहिते? कारण आमच्या जुफैरचा मोठा भाग समुद्रात भराव घालून झालेला आहे. आज जिथे उंच इमारती आणि हॉटेलं आहेत, तिथे पूर्वी पाणी होतं. इथून दक्षिणेला थोडं गेलं की तुबली खाडी लागते. तिचंही पाणी भरावाने पुष्कळ घटलं आहे. तिथल्या तिवरांच्या मुळांत कोळंबी वाढते, चिखलात पाणपक्षी चरतात. १९९७ साली खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. २०२१ साली बहारीन सरकारने २०३५ पर्यंत तिवरं चौपट करायचं जाहीर केलं. रोपं लावणं चांगलंच. पण मोडलेल्या हाडाला पट्टी लावता येते, बुजवलेल्या खाडीला लावता येत नाही. आहे ती राखणं हाच उपाय, आणि त्याला अब्जाधीश लागतोच असं नाही. सरकारचा कायदा आणि शेजाऱ्यांची नजर पुरते.

आपल्या नवगाव-अलिबागकडच्या मंडळींना तिवर सांगायला नको. पण नातवंडांनी ते पाहिलेलं नसतं. तेव्हा आजी-आजोबांनो, गावच्या खाडीची गोष्ट त्यांना ह्या आठवड्यात जरूर सांगा. आणि मुलांनो, तुम्ही राहता तिथे पूर्वी पाणी होतं, शेत होतं की जंगल, ते घरात विचारा आणि मला लिहून पाठवा. उत्तरं पुढच्या अंकात देईन.