रुग्णवाहिकेतून बंबावर

‘१०८’ची रुग्णवाहिका चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. मागे डॉक्टर, पुढे पायलट, आणि कॉल आला की निघायचं. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. पुढे काही वर्षांनी मी त्या स्टिअरिंगवर बसलो. काम मनापासून आवडायचं. तरी ते सोडून मी अग्निशमन दलात आलो. का, असं लोक विचारतात आणि ‘कायम नोकरी म्हणून ना?’ असं उत्तरही स्वतःच देतात. कंत्राटी नोकरीपेक्षा कायम नोकरी बरी, हे खरंच. पण मला खेचून आणलं ते महामार्गावरच्या अपघातांनी.

ट्रकखाली गेलेल्या गाडीच्या पत्र्यात माणूस अडकलेला असतो. शुद्धीवर असतो, बोलत असतो. डॉक्टर मॅडम फुटलेल्या काचेतून हात घालून त्याची नाडी धरून असतात, जमलं तर सलाईन लावतात. पत्रा कापायचा हायड्रॉलिक कटर मात्र बंबावर असतो. तो येईपर्यंत आम्ही तिथेच उभे. घटनास्थळ सुरक्षित नसेल तर पुढे जायचं नाही, हा रुग्णवाहिकेतला पहिला नियम, आणि तो योग्यच आहे. मदतीला गेलेलाच जखमी झाला तर रुग्ण दोन होतात. पण त्या नियमाच्या पलीकडे ज्यांना जायचं असतं, त्यांच्यात आपण असावं असं मला वाटू लागलं.

सांताक्रूझच्या विद्यानगरीत राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. अग्निशामकाचा सहा महिन्यांचा कोर्स मी तिथे केला. परेड, होज ड्रिल, शिडीचं ड्रिल, खांद्यावर माणूस घेऊन उतरणं. बरोबरची पोरं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि चपळ होती. पण श्वासासाठी हवेचं सिलिंडर आणि मास्क असलेला बीए सेट चढवून धुरात शिरताना श्वास शांत ठेवायचा असतो, आणि ती सवय मला रुग्णवाहिकेनेच लावलेली होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन मुंबईच्या दलाचे ६६ जवान गेले, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही मानवंदनेला उभे राहतो.

स्टेशनवरचा दिवस वेगळा असतो. रुग्णवाहिकेत कॉलमागून कॉल यायचे; इथे वर्दी, म्हणजे आमचा कॉल, नसेल तेव्हा पंप चालवून बघायचा, होज वाळवायचे, कपलिंग तपासायचं. आणि वर्दी दर वेळी आगीचीच येते असं नाही. विहिरीत पडलेली म्हैस, रस्त्यावर कोसळलेलं झाड, तिसऱ्या मजल्यावर आतून कडी लावून बसलेलं लहान मूल, हेही आमचंच काम.

आग लागते तेव्हा मात्र माझी दोन्ही कामं एक होतात. माणसं जळून कमी आणि धुराने जास्त मरतात. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्या दोघांत फरक करू शकत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. आकडा बघून त्याला ‘ठीक आहे, बसा बाजूला’ म्हणायचं नसतं. मास्क लावून भरपूर ऑक्सिजन द्यायचा आणि दवाखान्यात न्यायचंच. हे बंबावरच्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

रुग्णालयातल्या आगीने तर माझी झोप उडते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी विरारचा आणि नगरचा अतिदक्षता विभाग पेटला. तिथे ऑक्सिजनची लाइन सुरू ठेवली तर आग भडकते, आणि बंद केली तर त्या ऑक्सिजनवर जगणाऱ्या माणसाचा आधार तुटतो. व्हॉल्व्ह कोणी, केव्हा बंद करायचा? त्याआधी हाताने दाबून श्वास देणारी अँब्यू बॅग आणि सिलिंडर कोणाच्या हातात हवेत? नळ्या लावलेला रुग्ण कसा उचलायचा? आग कळणारा आणि रुग्ण कळणारा एकाच माणसात असेल, तर या प्रश्नांत जाणारी मिनिटं वाचतात.

माझ्या भरतीच्या अर्जात रुग्णवाहिकेतल्या अनुभवाला एकही गुण नव्हता. उंची मोजली, छाती मोजली, धावायला लावलं. ते हवंच. पण ‘१०८’वर उमेदीची वर्षं घालवलेल्यांना वयात सवलत आणि अनुभवाचे गुण मिळावेत, असं मी प्रत्येक वरिष्ठाला सांगत आलो आहे आणि सांगत राहणार आहे.

तोवर हाताशी आहे ते करायचं. आमच्या स्टेशनवरची पोरं आता सीपीआर नीट देतात. पुढच्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टर, ‘१०८’चे पायलट आणि आम्ही अशी एकत्र कवायत ठरवली आहे. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे मी तिथे सगळ्यात आधी विचारणार आहे.