गोंड आणि कोइतूर : नाव कोणाचे, अर्थ कोणाचा?

'गोंडपिपरी' या ग्रामनामाचा उत्तरार्ध मराठी वाचकाला परका नाही. पिपरी, पिंपरी, पिंपळगाव ही सारी पिंपळाच्या कुळातली नावे. प्रश्न आहे तो पूर्वार्धाचा.

ज्यांना आपण गोंड म्हणतो, ते स्वतःला कोया वा कोइतूर म्हणवतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथात ही नोंद करून ठेवली आहे. 'गोंड' हे इतरांनी दिलेले नाव. त्याचे मूळ कोणी तेलुगूतील 'कोंडा' म्हणजे डोंगर या शब्दात शोधले. कनिंगहॅम यांनी ते 'गौड' या प्रदेशनामाशी जोडले. दोन्ही तर्कांत माणसाची ओळख त्याच्या वस्तीवरून ठरते, आणि ती ठरवणारा बाहेरचा असतो.

'कोया'ची समाजात सांगितली जाणारी एक उपपत्ती निराळी आहे. ती हा शब्द गुहेशी, आईच्या उदराशी जोडते. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्यांना लिंगोने मुक्त केल्याची कथा तिच्या पाठीशी आहे. ध्वनिनियमांच्या कसोटीवर ही उपपत्ती टिको वा न टिको; समाज स्वतःच्या नावात काय वाचतो, हाही शब्दार्थाचाच भाग होय, असे आमचे मत आहे. लोकव्युत्पत्तीला केवळ 'अशास्त्रीय' म्हणून निकालात काढणे ही अभ्यासाची अर्धीच बाजू झाली.

असे अन्यत्रही घडले आहे. 'वेल्श' हा शब्द ज्या जर्मानिक मुळातून आला, त्याचा अर्थ 'परका'; ते लोक मात्र स्वतःला 'कम्री' म्हणजे 'एकाच भूमीचे सोबती' म्हणतात. आपल्याच भूमीत परके ठरवणारे नाव जगभर रूढ झाले. तरी घरचे नाव त्यांनी सोडले नाही, भाषाही राखली.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते. तरी ही द्राविडी भाषा आठव्या अनुसूचीत नाही. त्या निर्णयाची किल्ली आम्हा मराठीच्या अध्यापकांच्या हाती नाही. पण वर्गाचा फळा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील वर्गात 'गोंड' शब्द लिहिताना शेजारी 'कोइतूर' लिहावा आणि त्याचा अर्थ प्रथम त्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला विचारावा. कोशाचे पान त्यानंतर उघडावे.