इसार देण्यापूर्वी

गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत एक गृहस्थ पत्नीस व धाकट्या मुलास घेऊन आले. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब दीक्षा घेतलेले. सदनिका पसंत पडली आहे, तीन लाख रुपये इसार देऊन झाला आहे, आता वकीलसाहेबांनी कागद एकदा नजरेखालून घालावेत, एवढीच त्यांची विनंती होती. कागद चाळताच दिसून आले की, सदनिका मूळ विकणाऱ्याच्या मृत पित्याची. आई पूर्वीच वारलेली. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित म्हणून मुलाचे नाव लागलेले, आणि तेवढ्या आधारावर तो ती विकावयास निघालेला. त्याच्या दोन विवाहित बहिणींची सही कोठेही नव्हती. याविषयी दलालास विचारले होते काय, असे आम्ही विचारता बाई म्हणाल्या, “विचारलं होतं. ते म्हणाले, त्या दिल्या घरी सुखी आहेत.”

बंधुभगिनींनो, या एका वाक्याची किंमत तीन लाख रुपये आहे. नामनिर्देशनाने मनुष्य संस्थेच्या दप्तरी वारसांच्या वतीने उभा राहतो. तो मालक होत नाही. विकणारा हिंदू असो वा बौद्ध, दोघांसही १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे, आणि मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तिचे लग्न झालेले असो वा नसो. ही गोष्ट कोणत्याही वकिलाने अर्ध्या तासात सांगितली असती. परंतु वकिलाकडे येणे घडले ते इसार दिल्यानंतर.

हा क्रम उलटा का पडतो, याचा विचार आपण केला पाहिजे. घर घेणाऱ्याच्या भोवती माणसांची वाण नसते. दलाल असतो, बांधणाऱ्याच्या कचेरीतील गोडबोले तरुण असतात, कर्ज मिळवून देणारा एजंट असतो, बँकेचा मूल्यांकनकार असतो, बँकेचा वकील असतो. एवढी सुशिक्षित माणसे आपल्यासाठी धावपळ करीत आहेत हे पाहून, ज्या कुटुंबात आजवर कोणाच्याही नावावर घर झाले नाही, त्यास धन्य वाटते. आमचे म्हणणे इतकेच की, यांपैकी प्रत्येकाकडे पाहून मनात एक प्रश्न विचारावा: यास पैसे केव्हा आणि कोणाकडून मिळतात?

दलाल हा लबाडच असतो असे आम्हांस म्हणावयाचे नाही. चांगला दलाल पायपीट वाचवतो, भाव सांगतो, मागणी खाली आणतो. परंतु त्याची दलाली व्यवहार जमल्यावर मिळते. मोडल्यास पदरी काही पडत नाही. ज्याची भाकरी व्यवहार होण्यावर आहे, तो ‘हे घर घेऊ नका’ असे तुम्हांस कोणत्या तोंडाने सांगेल? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केली, आणि महारेराने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही ठेवली. तेव्हा नव्या इमारतीत घर दाखवणाऱ्यास त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? परंतु ध्यानात ठेवा, जुनी सदनिका एकाकडून दुसऱ्याने घेताना मध्ये जो दलाल असतो, त्यास या कायद्याखाली नोंदणी लागत नाही. वर सांगितलेले गृहस्थ अशाच घराच्या मागे लागले होते. आमच्याकडे पिशवीत कागद घेऊन येणारी बहुतेक कुटुंबे अशाच घरांच्या मागे असतात.

दलालाहूनही अधिक भ्रम बँकेविषयी आहे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर रागही येत नाही. बँकेचा वकील आपला अहवाल बँकेस लिहितो. त्याचा खर्च पुष्कळदा तुमच्याच खिशातून वसूल होतो, ही गोष्ट वेगळी. तरी तो तुमचा वकील नव्हे. बँकेचे पैसे बुडू नयेत एवढेच तो पाहतो, आणि घर गेले तरी बँकेपाशी तुमचा पगार असतो, जामीनदार असतो. तद्वत बांधणाऱ्याच्या पुस्तिकेत छापलेला मालकीचा दाखला हा त्याच्या पगारी वकिलाने दिलेला असतो.

कल्याण-डोंबिवलीत जे घडले ते आठवा. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी करून घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेथील कुटुंबांपाशी नोंदलेले करारनामे होते, मुद्रांक शुल्काच्या पावत्या होत्या, कित्येकांपाशी बँकेची कर्जे होती. दोष त्यांचा नव्हे. परंतु हा परवाना खरोखर तुम्ही दिला काय, असे महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन विचारणे हे त्या साऱ्या व्यवहारात कोणाचेच काम नव्हते. पुढे ते उघडकीस आणले एका वास्तुविशारदाने, आणि त्याला त्या घरांतून एक पैसाही मिळावयाचा नव्हता.

म्हणून आम्ही म्हणतो की, घर पसंत पडताच आणि इसाराची नोट खिशातून निघण्यापूर्वी, ज्याची फी केवळ तुम्ही देता असा एक वकील करा. दलालाने ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून दिलेला नको. आमच्याच धंद्यात दोन्ही बाजूंची फी घेऊन दोन्ही बाजूंस हसतमुखाने चहा पाजणारे महाभाग आहेत, हे आम्ही लपवीत नाही. भिंतीचा रंग ठरवावयास आपण चार दुकाने फिरतो. वकील मात्र जो समोर येईल तो पत्करतो.

अशा वकिलाकडून तोंडी ‘ठीक आहे’ घेऊ नका. दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील निदान तीस वर्षांचा शोध घेऊन त्याने लेखी अहवाल, आणि तोही तुमच्या नावे, द्यावा. मिळकतीवर बोजा आहे काय, वारस किती, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे त्यात असावे. विकणारा ‘मुखत्यारपत्रावर करून देतो, नोटरी करू’ म्हणाला तर तेथूनच परत फिरा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितले आहे. नव्या इमारतीत घर घेत असाल, तर करारनामा नोंदवल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बांधणाऱ्यास अधिकार नाही.

जमिनीचा सातबारा व जुने फेरफारही वकिलाकडून वाचून घ्या, याला आपल्यापुरते एक खास कारण आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली, आणि जमिनी नव्या अविभाज्य शर्तीवर पूर्वीच्या वतनदारांस परत देण्यात आल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नव्हत्या. शहरे वाढली आणि त्यांतील कित्येक जमिनींवर मुखत्यारपत्रांचे हात फिरले. पुण्यात मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या खरेदीवरून २०२५ मध्ये केवढे वादळ उठले ते आपण पाहिलेच. ज्या जमिनीवर आपल्या आजोबांनी गावकी केली, तिच्यावरच सदोष हक्काची सदनिका नातवाने कर्ज काढून घ्यावी, हा प्रसंग काल्पनिक नाही.

फी कोठून द्यावी, असे कोणी म्हणेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तीस व कोणत्याही स्त्रीस, उत्पन्नाची अट न घालता, मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे. आणि कायदेशीर सल्ला हा त्या सेवेचाच भाग आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाची कचेरी असते. तेथे अर्ज करण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही दलाल घर दाखवण्याआधी आडनाव विचारतात, मग गाव, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते. बडोद्यास १९१७ मध्ये बाबासाहेबांना साऱ्या शहरात भाड्याने जागा मिळाली नाही. विचारणारे बदलले, प्रश्न तोच राहिला. कायदा येथे तोकडा पडतो, हे वकील म्हणून आम्ही कबूल केले पाहिजे: २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहनिर्माण संस्थेस सभासदत्व स्वधर्मीयांपुरते राखण्याची मुभा दिली आहे. तरीही असा प्रश्न कोणी लिहून विचारला, तर तो संदेश पुसून टाकू नका. तारखेसह जपून ठेवा व आपल्या वकिलास दाखवा.

त्या गृहस्थांचे काय झाले, असे वाचक विचारतील. थोरल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही दिली. धाकटी म्हणते, मला माझा तिसरा हिस्सा हवा. आणि तिचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे, हे आम्ही आमच्या अशिलास तोंडावर सांगितले. इसाराची रक्कम विकणाऱ्याने आपले जुने कर्ज फेडण्यात घातली आहे. खरेदीची मुदत महिनाअखेर संपते. दलालाने आपली अर्धी दलाली इसाराच्या दिवशीच नेली होती.