आगाशीतलं घरकुल कुठे अडलं?

गेल्या महिन्यात आगाशीला फुफीकडे गेलो होतो. विरार स्टेशनहून आगाशीकडे निघालं की वाटेत बोळिंजला म्हाडाचे उंच टॉवर लागतात. ते मागे पडले की दहा मिनिटांत केळीच्या वाड्या, विहिरी आणि कौलारू घरं सुरू होतात. सुकेळ्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. फुफीचं घर असंच जुनं, मागची भिंत फुगलेली, छपरावर निळी ताडपत्री. मी बसताच ती म्हणाली, "बेटा, तू कॉम्प्युटरवाला. आमचा घरकुलाचा फॉर्म तेवढा भरून दे."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला सगळं तयार होतं. अडलं ते जागेच्या पुराव्यापाशी. जागा फुफांच्या आजोबांच्या नावावर. आज वारस अकरा, त्यातले दोघे आखातात आणि एकाचा पत्ताच नाही. फुफीकडे तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत, लाइट बिल आहे. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. फॉर्म तिथेच थांबला.

घरी परतताना मला जाणवलं, की आपण घरकुलाची चर्चा नेहमी अनुदानाच्या रकमेपासून सुरू करतो. प्रत्यक्षात घर अडतं ते त्याआधीच, जमिनीपाशी, पाण्यापाशी आणि कागदापाशी.

आगाशीसारख्या गावाची अडचण आणखी वेगळी आहे. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. त्यातली 29 गावं वगळावीत की ठेवावीत, हा वाद त्यानंतर अनेक वर्षं चालला. गाव दिसायला गावच राहिलं, कागदावर मात्र शहर झालं. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि जोडीला रोजगार हमीची मजुरी. अल्पसंख्याकांसाठी शक्यतो 15 टक्के निधी राखावा, असं तिच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ज्याला जागाच नाही, त्याला जमीन घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पूर्वी 50 हजार मिळत, आता 1 लाख. गाव महापालिकेत गेलं की हे दरवाजे बंद होतात. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख, असे अडीच लाख मिळतात. रक्कम मोठी आहे, पण अट 'स्वतःच्या जागेवर' ही आहे. भूमिहीनाला ही योजना नाहीच, आणि फुफीसारख्यांची जागा असून नसल्यासारखी.

मग बोळिंजचे ते टॉवर? म्हाडाच्या कोकण मंडळाने तिथे सुमारे दहा हजार घरांचा प्रकल्प उभा केला. त्यातली पाच हजारांहून अधिक घरं वर्षानुवर्षं विकलीच गेली नाहीत. मोठं कारण पाणी. इमारती झाल्या, पण पुरेसं पाणी नव्हतं. सूर्या योजनेचं पाणी आल्यावर परिस्थिती सुधारू लागली. पण किंमत? वन बीएचके तेवीस लाखांच्या आसपास. वाडीत मजुरी करणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या माणसाला एवढं कर्ज कुठली बँक देणार? एका बाजूला सरकारी घरं रिकामी आणि दोन किलोमीटरवर ताडपत्रीखाली माणसं, हे चित्र आपण इतकी वर्षं पाहत आलो आहोत.

परवडणारं अधिकृत घर नसेल, तेव्हा माणूस अनधिकृत घर घेतो. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, अनेकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती. त्याच वर्षी 27 ऑगस्टच्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. स्वस्त घराची ही खरी किंमत आहे.

आपल्या वाचकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भाड्याने फ्लॅट शोधत होतो. पगाराची स्लिप पाहून एजंट खूश होता, नाव ऐकल्यावर "मालक नाही म्हणतोय" एवढंच म्हणाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे नवं नाही. म्हणून सरकारी घरवाटप आपल्यासाठी फक्त स्वस्ताईचा प्रश्न नाही. आरक्षणाचे प्रवर्ग सोडले, तर संगणकीय सोडतीला आडनाव कळत नाही. बाजारात जे दार नावावरून बंद होतं, ते तिथे नियमाने उघडतं. सार्वजनिक घरांची मागणी आपण सगळ्यांच्या बरोबरीने, सगळ्यांसाठी करायला हवी, ती यासाठीही.

हे होऊ शकतं का? सोलापूरकडे पाहा. तिथल्या विडी कामगार बायकांनी, त्यात मुस्लिम बायकाही आल्याच, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढा दिला. शहराजवळच्या कुंभारी गावात सहकारी संस्था करून जमीन घेतली आणि तिथे दहा हजार घरं उभी राहिली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगाराचा वाटा असं त्याचं गणित. 2006 मध्ये ती घरं कामगारांना मिळाली. वसाहतीला नाव दिलं गोदावरी परुळेकरांचं, म्हणजे ज्यांनी 1945 मध्ये आपल्याच आजच्या पालघर जिल्ह्यात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं, त्यांचं. पुढे त्याच कुंभारीत 30 हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. विडी कामगारांसोबत यंत्रमाग कामगार आणि कचरा वेचणारेही तिथे आले.

कुंभारीत सगळं सुरळीत झालं असं नाही. शहरापासूनचं अंतर आणि कर्जाचे हप्ते हे प्रश्न आहेतच. पण क्रम लक्षात घ्या. आधी संघटना, मग जमीन, मग अनुदान. आपल्याकडे लोक एकेकटे, हातात फॉर्म घेऊन, शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

ज्यांच्याकडे जमीन नाही आणि कर्जही झेपणार नाही, त्यांच्यासाठी मालकीचा हट्ट सोडून भाड्याची घरं हा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये 1919 च्या कायद्याने घरं बांधण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. घर कौन्सिलचं, राहणाऱ्याने भाडं द्यायचं. भाडेकरूला जमिनीचा उतारा दाखवावा लागत नव्हता. 1980 नंतर ही घरं भाडेकरूंना विकली जाऊ लागली आणि साठा आटत गेला, हा धडाही घेण्यासारखा आहे. आपल्याला हे परकं नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात सरकारनेच भाड्यासाठी बांधल्या होत्या.

आगाशीतल्या लोकांची एक भीती मला रास्त वाटते. घरांच्या नावाखाली हरित पट्टा जाईल, वाड्या संपतील, विहिरी खारट होतील. म्हणून गावात टॉवर नकोत. गावठाणातली जुनी घरं त्याच जागी पक्की करणं आणि सरकारी जागेवर दोन मजली भाड्याची घरं बांधणं, एवढंच गावाला झेपेल.

तर महापालिकेकडे तीन मागण्या करूया. एक, महापालिकेत आलेल्या गावांच्या गावठाणांत वारस नोंदीची शिबिरं घ्या. दोन, चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या गृहप्रकल्पांत 20 टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आहे. आपल्या हद्दीत अशी किती घरं बांधली आणि कोणाला दिली, याची यादी जाहीर करा. तीन, अर्थसंकल्पात भाड्याच्या घरांसाठी स्वतंत्र तरतूद करा.

आणि एक काम आपलं स्वतःचं. तुमच्यापैकी अनेक जण माझ्यासारखे लॅपटॉपवर पोट भरणारे आहेत. महिन्यातला एक रविवार द्या. तुमच्या मोहल्ल्यातल्या, आळीतल्या पाच घरांचे उतारे काढा, वारसांची यादी करा. घरातले वारस तयार असतील, तर हक्कसोड पत्राची नोंदणी होऊ शकते. आखातातला भाऊ तिथल्या भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र पाठवू शकतो. शेजारचं घर कुठल्याही धर्माचं असो, त्याचाही कागद पाहा. फक्त एक पथ्य पाळा. बहिणींची नावं वगळली की कागद लवकर होतो, असं कुणी तरी सांगेलच. तसं करू नका. त्यांचा वाटा त्यांना आपल्या धर्मानेही दिला आहे आणि कायद्यानेही.

फुफीचा फॉर्म अजून भरलेला नाही. अकरापैकी आठ वारसांशी बोलणं झालं आहे, आखातातल्या दोघांचे नंबर मिळाले आहेत. मागची भिंत पुढचा पावसाळा काढेल की नाही, याची तिला काळजी आहे. मलाही आहे. म्हणून येत्या रविवारी मी पुन्हा आगाशीला जाणार आहे.