किडीचा सातबारा कोण उतरवणार?

रावेर तालुक्यातील कोणत्याही गावाच्या शिवारात गुंठाभर जमिनीचा मालक कोण, तिच्यावर बोजा कोणाचा आणि मागच्या खरिपात तिच्यात पेरले काय, याचा तपशील तलाठ्याच्या दप्तरी मिळतो. आणि हे दप्तर मोगलाई, पेशवाई व इंग्रजी अंमल अशा तीन अमदानींच्या जमाबंदीतून आणि पैमाशीतून घडत आलेले असल्यामुळे, त्याच्या खरेपणाविषयी तक्रारी कितीही असल्या, तरी त्याच्या आवश्यकतेविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. त्याच गुंठ्यात जे असंख्य कीटक नांदतात, ज्यांतले काही पीक खातात, काही पीक खाणाऱ्यांनाच खातात आणि काही फुलाफुलांवर फिरून शेतकऱ्याचे उत्पन्न निमूटपणे वाढवतात, त्यांची रुजवात मात्र तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत होत नाही. ही उणीव म्हणजे चार शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब, असा समज रूढ आहे. आमच्या मते कीटकांची जातवार सूची करणे हे जमीनमोजणीइतकेच सार्वजनिक कर्तव्य असून, ते दिल्ली-कलकत्त्यावर सोपवून न थांबता तालुक्याने अंगावर घेतले पाहिजे.

नावात काय आहे, असे विचारणाऱ्याने रावेर-यावलच्या केळीबागांत एक फेरी मारावी. मृगबागेची कोवळी रोपे पावसाळ्यात पिवळ्या रेघांनी चट्टेरी होऊ लागली, की शेतकरी ‘हरण्या आला’ म्हणतो. शास्त्राच्या भाषेत तो कुकुंबर मोझॅक विषाणू होय आणि त्याचा प्रसार मावा करतो. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचा प्रसारही मावाच करतो. पण हे दोन मावे एक नव्हेत. पर्णगुच्छ पसरवणारा तपकिरी काळा मावा केळीच्याच पोंग्यात आणि पानांच्या बेचक्यांत वस्ती करतो, विषाणू शरीरात बाळगतो, आणि भिंगाखाली धरला तर त्याच्या पंखांच्या शिरा काळसर धुराने रेखल्यासारख्या दिसतात. हरण्या पसरवणाऱ्यांतला प्रमुख मावा कपाशीचा, काकडीचा, तणांचा. केळी हे त्याचे घर नव्हे. तो वाटेत क्षणभर उतरतो, सोंड खुपसून रस चाखतो, तेवढ्यात सोंडेला चिकटलेला विषाणू झाडाला देतो आणि पुढे जातो. पहिल्याचा बंदोबस्त बागेत करता येतो. दुसऱ्याला फवाऱ्याचे औषध मारील, परंतु मरण्यापूर्वीच त्याचे काम होऊन गेलेले असते, म्हणून तेथे बांधावरचे तण काढणे, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक न घेणे आणि रोगट रोप समूळ उपटून नष्ट करणे हाच खरा उपाय. ज्याला दोहोंतला भेद ठाऊक नाही, तो दोघांसाठी एकच डबा विकत घेतो, आणि त्याचा पैसा नाल्याच्या पाण्याबरोबर तापीला मिळतो.

पपईची हकिकत याहून बोलकी आहे. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर पिठ्या ढेकणाचा जो उपद्रव माजला, तो देशी पिठ्या ढेकणांचा असता, तर त्यावर जुनेच इलाज चालले असते. पण हा ढेकूण मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा आहे, अशी त्याची ओळख पटल्यामुळेच त्याच्या मूळ मुलखातले शत्रू कोण, हा पुढचा प्रश्न विचारता आला. २०१० मध्ये बंगळूरच्या कृषी-कीटकविषयक राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून परोपजीवी गांधिलमाश्या आणवल्या, आणि मोहरीएवढ्याही नसलेल्या त्या जीवांनी, फवारण्यांना दाद न देणाऱ्या किडीला आवर घातला. खानदेशातही पपई होते, हे ध्यानात घेतले, म्हणजे कोणा वर्गीकरणतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेला वेळ आपल्या कोणत्या खात्यात जमा झाला, ते उमगते.

वाळवंटात जाऊन किडे गोळा करणाऱ्याची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. जेथे माणूस राहत नाही तेथले किडे मोजून कोणाचे पोट भरणार, असे विचारले जाते. याचे उत्तर टोळाने दिले आहे. स्थलांतरी टोळाची एकेकटी राहणारी आणि थव्याने उडणारी अशी दोन रूपे पूर्वी दोन निराळ्या जाती म्हणून नोंदली जात असत. ती एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, असे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारॉव्ह यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, आणि हाच विचार पुढे वाळवंटी टोळालाही लागू झाला. वर्गीकरणातली ही एक दुरुस्ती झाली नसती, तर वाळूतल्या झुडपांआड एकेकट्याने वावरणाऱ्या निरुपद्रवी टोळावर वर्षभर नजर ठेवण्याचे प्रयोजनच कोणाला पटले नसते. भारतात टोळ-इशारा संघटना १९३९ साली स्थापन झाली. प्राणिसर्वेक्षण खात्याचे मरुप्रदेशासाठीचे केंद्रही जोधपूरला आहे. मे २०२० मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून टोळधाड अमरावती-नागपूरच्या शिवारांत उतरली, तेव्हा ओसाड रेतीतल्या नोंदीचा विदर्भातल्या संत्रीबागेशी असलेला संबंध सर्वांच्या प्रत्ययास आला.

नोंद करणे एक आणि खरी नोंद करणे दुसरे. याचा धडा खुद्द खानदेशाने जगाला दिला आहे, मग तो कीटकाच्या निमित्ताने नसून पक्ष्याच्या निमित्ताने का असेना. जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या प्रारंभी तळोदे-शहादे भागात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले आणि प्रत्येकाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधली. हाच गृहस्थ पुढे बेल आणि एटकिन यांच्यासह उत्तर कानड्याच्या फुलपाखरांची सूची सिद्ध करता झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या पक्षिसंग्राहकाने त्यांतलाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, तो आपणच १९१४ साली तापीकाठी मांडवीला मिळवला, अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. शतकाहून अधिक काळ दिसेनासा झालेला हा पिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा दृष्टीस पडला, तो पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोटी चिठ्ठी बाजूला सारून डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला म्हणून. बोटभर कागदावरच्या दोन ओळींचे मोल किती, याला याहून सबळ पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

या कामाला लागणारे साहित्य पाहिले, तर ते कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे. केळीचे खोड पोखरणारा सोंड्या भुंगा पकडला, तर बारीक टाचणी त्याच्या उजव्या पंखकवचातून आरपार घालायची, म्हणजे डावी बाजू तपासणीसाठी अक्षत राहते. टाचणीलाच खाली गाव, शिवार, तारीख, पकडणाऱ्याचे नाव आणि ज्या झाडावर मिळाला त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी अडकवायची. मावा असेल तर तो मद्यार्कात बुडवून ठेवायचा. आणि पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ती ओलीपासून जपायची. एवढ्या शिस्तीने ठेवलेला भुंगा शंभर वर्षांनीही साक्ष देतो. चिठ्ठी नसलेला भुंगा, मग तो कितीही दुर्मीळ असो, शोभेची वस्तू ठरतो.

आता मोबाईलवर छायाचित्र टिपले की नाव कळते, मग पेट्या कशाला, असा आक्षेप येईल. मोठ्या फुलपाखराच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे. पण माव्याच्या, फुलकिड्याच्या किंवा परोपजीवी गांधिलमाशीच्या जाती शृंगिकेच्या खंडांवरून आणि पंखांच्या शिरांवरून ओळखल्या जातात, आणि या खुणा छायाचित्रात उमटत नाहीत. आणि जनुकीय चाचणी केली तरी तिचा निकाल ताडून पाहायला आधी कोणीतरी अचूक ओळखलेला नमुना हवाच. यंत्र शिकते तेही अखेर अशाच नमुन्यांवर.

कायद्याने मार्ग दाखवलाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही सिद्ध करावयाची आहे. हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि ती चुकल्यास राज्यांना दरमहा दहा लाखांच्या दंडाचा धाकही घातला. दंडाच्या धास्तीने भरलेल्या वहीत कीटकांचे पान ‘फुलपाखरे, मधमाश्या, टोळ’ एवढ्यावर आटोपले असेल, तर त्याचे नवल वाटू नये. वही हुकुमाने होते, विद्या हुकुमाने होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. पाल येथील कृषी विज्ञान केंद्र रावेर तालुक्यातच, सातपुड्याच्या कुशीत, यावल अभयारण्याला लागून आहे. केळीची बाग आणि सागाचे रान या दोन्ही मुलखांचे कीटक तेथून हाताशी येतात. तालुक्याची कीटकपेटी तेथे असावी. फैजपूर-रावेरच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर, ऋतुवार, नेमून दिलेल्या शिवारांतून नमुने आणावेत; विद्यापीठाने ते प्रकल्पाचे काम म्हणून गुणांस पात्र ठरवावे; प्रत्येक जातीची एक प्रत प्राणिसर्वेक्षण खात्याच्या पुण्यातील केंद्राकडे खातरजमेसाठी जावी; आणि जंगलात लागणारा परवाना वनखात्याने अडवून न धरता शिस्तीने द्यावा. हे सर्व चालवण्यास वर्गीकरण शिकलेला एक माणूस कायमच्या नेमणुकीवर हवा. मानधनावर वर्षभरासाठी आणलेला तरुण काम शिकेपर्यंत मुदत संपते आणि पेटीला वाळवी लागते, म्हणून ‘कायमच्या’ या अटीवर आमचा विशेष भर आहे. जिल्हा नियोजन समितीने या एका पगाराची तरतूद करावी. हरण्यामुळे उपटाव्या लागलेल्या बागांचे पंचनामे करण्यात आणि भरपाईच्या याद्या तयार करण्यात महसूल व कृषी खात्यांचे जे मनुष्यबळ दर हंगामात खर्ची पडते, त्याच्याशी हा खर्च ताडून पाहावा, आणि मग तो परवडत नाही असे कोणाला वाटले, तर तसे त्याने समितीच्या कार्यवृत्तात आपल्या नावानिशी नोंदवावे.