पाण्यावरचा फोटो आणि कागदावरचा शेरा



गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी हातात एक कागद घेऊन आल्या. त्यांची धाकटी फोटोग्राफी शिकते. शेवटच्या वर्षी महिनाभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करावे लागते, त्याचे ते प्रमाणपत्र.

"भाऊजी, बघा हो. बरोबरच्या पोरींना ‘उत्कृष्ट’ अन् आमचीला नुसतं ‘समाधानकारक’. पोर म्हणते, मी चुकले नाही. आता तुम्हीच सांगा."

पोरीला बोलावून घेतले. तिने जे सांगितले ते तुमच्याही कानावर घालतो, कारण आज ना उद्या तुमच्या घरातले कुणी अशा कामाला निघेल.

ती गेली होती रायगड जिल्ह्यात, कोलाडकडे. तिथे कुंडलिका नदीच्या वेगवान पाण्यातून रबरी होडीने जाण्याचा खेळ चालतो. त्याला राफ्टिंग म्हणतात. अशाच एका ठिकाणी जाहिरातीसाठी फोटो काढायचे, हे तिचे काम.

या पाण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे पाणी मूळचे मुळा नदीचे, म्हणजे भीमेला मिळून पूर्वेला जाणारे. मुळशीचे धरण होऊ घातले तेव्हा आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ साली सत्याग्रह केला. धरण व्हायचे ते झालेच. १९२७ पासून ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, वीज करते आणि कुंडलिकेत सुटते. म्हणून मे महिन्यात आपल्या नद्यांची वाळू उघडी पडते, तेव्हाही ही नदी सकाळची भरून वाहते. पाणी सुटले की होड्या सुटतात, पाणी उतरले की खेळ संपतो. फोटो काढायला मिळतात ते एवढेच तास.

पहिले दोन दिवस पोरीचे नुसते बघण्यात गेले. होडी खळाळातून बाहेर पडते त्या खालच्या अंगाला काठावर उभे राहिले, की माणसांचे चेहरे समोर येतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतला तर उडालेला थेंब न् थेंब जागीच थांबतो. तिसाव्या भागात घेतला तर तेच पाणी दुधासारखे दिसते. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि खिशात सुती फडके, नाहीतर भिंगावरचा एक थेंब सकाळची मेहनत घालवतो. हे सारे ती हातानेच शिकली.

मग एक रविवार आला. होडी संथ पाण्यात आल्यावर मालकाने चार तरुण गिऱ्हाइकांना जाकिटे आणि हेल्मेटे काढायला लावली आणि हात धरून पाण्यात उडी मारायला सांगितले. म्हणाला, "केशरी जाकिटांत सगळे सारखेच दिसतात. चेहरे दिसू देत, केस उडू देत." पोरीने फोटो काढला. महिनाभरातला तो सर्वांत देखणा फोटो, हे ती स्वतःच कबूल करते.

रात्री जेवताना तिने तो होडीवरच्या गाइडला दाखवला. जवळच्याच गावचा, पिकल्या केसांचा माणूस. बराच वेळ बघून तो म्हणाला, "ताई, हा फोटो बघून आलेलं गिऱ्हाईक मला म्हणंल, फोटोत जाकीट नाही, मग मलाच का घालायला लावतोस? त्याला मी काय सांगू? मी लहानपणापासून ह्याच पाण्यात पोहतो, तरी जाकीट घालतो. पोहता येणं वेगळं आणि डोकं दगडावर आपटल्यावर पोहणं वेगळं."

पोरीला झोप लागली नाही. सकाळी तिने मालकाला सांगितले, बाकीचे सगळे फोटो देते, हा देत नाही. मालक चिडला. "तू शिकायला आलीस का शिकवायला?" ती गप्प राहिली. त्या दिवशी तिने दुसरा फोटो काढला : तोच गाइड गुडघ्यावर बसून एका लहान मुलीच्या जाकिटाचा पट्टा आवळतो आहे, आणि मुलगी नदीकडे बघून हसते आहे. मुलीच्या आईला आधी विचारले होते. मालकाने पुढे जाहिरातीत तोच फोटो लावला. प्रमाणपत्रावरचा शेरा मात्र तसाच राहिला.

मंडळी, बियाण्याच्या पिशवीवर लगडलेल्या टोमॅटोचे चित्र बघून आपण पिशवी उचलतो. शेतात तसे आले नाही की कंपनीला शिव्या देतो. पण ते चित्रही कुणीतरी काढलेलेच असते ना? जाहिरातीचा फोटो म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. तिथे खोटा ठरला तर पैसे जातात, पाण्यावर खोटा ठरला तर माणूस जातो.

तुमचे मूल अशा कामाला निघाले, तर चार गोष्टी आधी विचारा. राहण्या-जेवण्याची सोय काय, काही पैसे मिळणार का, हे कॉलेजच्या पत्रावर लिहून घ्या. कॅमेरा धरणाऱ्यालाही जाकीट मिळणार ना, तो काठावर असला तरी? धरणाखालचे पाणी सुटले की बघता बघता चढते. ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारायचे; नदीवर धुणे धुणारी बाई म्हणजे फुकटचे चित्र नव्हे. आणि फोटो कोणाचा, हेही ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणाराच; पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढला, तर वेगळा करार नसल्यास हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. तेव्हा लेखी असलेले बरे.

वहिनींना मी म्हणालो, "शेरा राहू द्या. तो दुसरा फोटो मोठा करून भिंतीवर लावा. उद्या कामाला बोलावणारा माणूस कागद बघेल तसा फोटोही बघेल, आणि फोटो कसा मिळाला हे विचारील. तेव्हा पोरीकडे सांगायला काहीतरी आहे."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण कागद घडी घालून पोरीच्याच हातात दिला.

तुम्ही काय सांगितले असते? घरात बोलून बघा.